रंग आपले, उजेडाचा क्रम आकाशाचा

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने टिपलेली चित्रे पृथ्वीवर आली ती आकड्यांच्या रांगा होऊन. एका चित्रात २०० गुणिले २०० ठिपके, प्रत्येकाच्या उजेडाला ६४ पायऱ्यांपैकी एक अंक, आणि वेग सेकंदाला जेमतेम आठ बिट. एक चित्र उतरायला आठेक तास लागत. संगणकाने प्रतिमा जुळवेपर्यंत कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या काही अभियंत्यांना धीर धरवेना. यानावरचा टेपरेकॉर्डर नीट चालला का, हेही पाहायचे होते. त्यांनी अंक छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या, पेस्टलचे खडू आणले आणि पिवळ्या-तपकिरी छटा ठरवून मंगळाची कड हाताने रंगवून काढली. रंग त्यांनी निवडले. पण अंकाचा टप्पा बदलला की खडू बदलायचा, ही शिस्त मात्र अंकांची होती. अवकाशप्रतिमेवरून पेस्टल करणाऱ्याला एवढाच नियम पुरेसा आहे, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, हे तर नुसते रकाने भरणे, यात कला कुठली? पण ६४ पायऱ्या मोजक्या खडूंत बसवताना कोणत्या एकत्र करायच्या आणि कोणती सीमा राखायची, हे ठरवावेच लागते. चित्रकाराचे निम्मे काम तेच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुर्बिणीची लखलखीत छायाचित्रे आयती मिळत असताना खडूची भुकटी उडवायची कशाला, आणि रंग बदलले तर ते खोटे नाही का? पण ते रंगही निवडलेलेच असतात. हबल दुर्बिणीच्या १९९५ सालच्या गरुड तेजोमेघातल्या स्तंभांच्या प्रसिद्ध चित्रात हायड्रोजन हिरवा आहे आणि गंधक तांबडे. प्रत्यक्षात दोघांचाही प्रकाश तांबडाच. वायू वेगळे ओळखू यावेत म्हणून ती सोय. तेव्हा चित्रकाराने तिथे जांभळा वापरला तर बिघडत नाही. बिघडते ते स्तंभाची उजळ कड बोटाने चोळून मऊ केली तर. जवळच्या तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तिथला वायू तापून उडतो आहे, म्हणून ती कड उजळ आहे. ती पुसली की चित्र गोड होते, पण तिथे काय चालले आहे ते कळेनासे होते. रंगाची मोकळीक घ्यावी ती उजेडाशी प्रामाणिक राहूनच.