अळिवाचे लाडू खाल्ले की दूध वाढतं का?

माझा दवाखाना बोरिवलीत आहे. बाळाला घेऊन पहिल्यांदा येणाऱ्या आईबरोबर बहुतेक वेळा तिची आई किंवा सासूबाई असतात, आणि पहिला प्रश्न त्यांचाच असतो. "डॉक्टर, हिला दूध पुरत नाही. अजून काय खायला घालू?" घरात सगळं आधीच चालू असतं: अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, मेथी, खसखशीची खीर, बाळंतशेपा, शतावरी कल्प. माझ्या बाळंतपणात मीही हे खाल्लं आहे आणि अळिवाचे लाडू मला आजही आवडतात. तरीही त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे तुम्हाला नीट माहीत असावं.

बाळ चोखू लागलं की आईच्या शरीरात दोन संप्रेरकं काम करतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होतं आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. स्तन जितके वारंवार रिकामे होतात, तितकं नवीन दूध बनतं. दूध साचून राहिलं तर ते बनणं कमी होतं. म्हणूनच "दूध कमी आहे" या शंकेने बाटली सुरू केली की बाळ अंगावर कमी चोखतं आणि दूध खरोखरच कमी होतं.

मग पदार्थांचं काय? शतावरीवरच्या आपल्या देशातल्या अभ्यासांतही एकमत नाही. १९९६ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात फायदा दिसला नाही, तर २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसला. २०२० मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने दूध वाढवणाऱ्या पदार्थांवरचे आणि औषधांवरचे ४१ अभ्यास एकत्र तपासले. काही पदार्थांनी थोडा फायदा होत असेलही, पण पुरावा फार कच्चा आहे, असं त्यातून दिसलं.

लाडवांचा उपयोग आहे, पण तो आईसाठी. पहिले सहा महिने स्तनपान करणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि अळिवातून लोहही मिळतं. मात्र लाडू देताना भाजी, डाळ, फळं बंद करू नका. पाणी तहान लागेल तेवढं पिऊ द्या. मधुमेहाची गोळी चालू असेल तर मेथी औषधासारखी जास्त प्रमाणात घेण्याआधी विचारा, कारण साखर उतरू शकते.

दूध पुरतंय की नाही, हे बाळच सांगतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होते आणि दोन आठवड्यांपर्यंत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. नुसतं रडणं, स्तन मऊ लागणं किंवा पंपाने थोडंच दूध निघणं, यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक थोडाच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं.

बाळ चोखू शकत नसेल, तरी मार्ग आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आईने काढून दिलेलं दूध अशा पेढीतून कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांना मिळतं. वारंवार हाताने किंवा पंपाने दूध काढत राहिलं, तर बाळ अंगावर नसतानाही दूध टिकवता येतं.

आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात मला एक गोष्ट नेहमी दिसते. बाळ बघायला पाहुणे आले की आई संकोचाने पाजणं पुढे ढकलते. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायचं तर तिला आडोसा आणि झोप हवी. लाडू करणाऱ्या हातांनी तेवढं जरूर करावं: पाहुण्यांना बाहेर बसवा, बाळाचे कपडे धुवा आणि "हिला दूधच नाही" हे वाक्य तिच्यासमोर बोलू नका.

बाळाची शू कमी झाली, वजन वाढत नसेल, बाळ सुस्त असेल किंवा पाजताना दुखत असेल, तर नवा पदार्थ शोधण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी बाळाला आणि आईला दोघांनाही दाखवा. बाळाची पकड चुकत असेल तर ती सुधारता येते, आणि आईचा थायरॉइड किंवा रक्त कमी असेल तर त्यावर उपचार आहेत. दूध वाढवण्याच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.