रेकॉर्डर कुठला घ्यावा?

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर, शेंगाचटणी आणि ऊन आठवतं. पण भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे आणि तिथे आता त्यांचं स्मारक आहे, हे बाहेर फार थोड्यांना माहीत असतं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय अवघं ३२.

अशा जागांवर दहा-दहा मिनिटांचे मराठी पॉडकास्ट करावेत असं आम्हा तीन-चार मित्रांच्या डोक्यात आहे. शनिवार-रविवारचा उद्योग! आता आयटीवाले जमल्यावर पहिली चर्चा कशावर होणार? रेकॉर्डर कुठला घ्यायचा यावर. एक्सेल शीटसुद्धा तयार झालं..

मोबाईल असताना वेगळं यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण बरेच फोन आवाजाची पातळी आपापली वर-खाली करतात. आजोबा आठवायला थांबले की पंख्याची घरघर वर येते. आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी कॉल येतो.

संग्रहालय ही रेकॉर्डिंगसाठी तशी वाईट जागा. फरशी, काचेची कपाटं, उंच छत.. सगळीकडून आवाज परततो. त्यावरचा उपाय मात्र फुकट आहे: माइक जवळ न्या. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, घुमणं मात्र तेवढंच राहतं. म्हणजे लांब ठेवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा तोंडाशी धरलेलं स्वस्त यंत्र बरं.

दुसरी अडचण खास सोलापुरी. एका भागात कुजबुजत बोलणाऱ्या आजी, तर दुसऱ्यात खडखडणारे यंत्रमाग! इथे ३२-बिट फ्लोट कामाला येतं. झूमच्या एच१ इसेन्शियलमध्ये ते आहे. पातळी आधी ठरवायची कटकट नाही, आवाज नंतर ऑडॅसिटीत कमी-जास्त करता येतो. (माइकच्याच क्षमतेपलीकडचा आवाज मात्र फाटणारच.) टॅसकॅमचा डीआर-०५एक्स २४-बिट आहे, तिथे पातळी आपण लावायची. दोन्ही साध्या सेलवर चालतात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सोय. जागेचं म्हणाल तर २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो. ३२ जीबीच्या कार्डात तीसेक तास बसतात, झालं की!

मग अडलंय कुठे? शीटमध्ये. दर आठवड्याला नवीन मॉडेल, नवीन रकाना.

आणि तिकडे माणसं थांबत नाहीत. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. ते दिवस जाणत्या वयात पाहिलेलं माणूस आज सापडणं जवळजवळ अशक्य. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून आहे. मराठी, तेलुगू, कन्नड मिसळून बोलणारी, मागावर हात चालवत गोष्ट सांगणारी. वस्तू कपाटात शंभर वर्षं राहील, आवाजाला कपाट नाही.

म्हणून आमच्यापुरता निकाल लावलाय: एच१ इसेन्शियल, फोमचं वाऱ्याचं कव्हर, साधा हेडफोन आणि जास्तीचे सेल. शीट बंद. तुमच्या घरी असं कुणी बोलणारं असेल, तर तोवर फोनवर का होईना, एक तास टिपून ठेवा बुवा.