सर आयला!

"लोड घेऊ नका म्हणजे काय गं? कसला लोड?"

सबमिशनची आदली रात्र. ट्रान्सफॉर्मरच्या लोड टेस्टची रीडिंग्ज मी मैत्रिणीच्या जर्नलमधून ढापत होते (सर, माफ करा!) आणि बाबांनी नेमका हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "फुल लोड की हाफ लोड?" तर म्हणाले, "ते मला काय माहीत? नववीतला एक मुलगा म्हणाला, सर, तुम्ही लोड घेऊ नका."

माझे बाबा मासवणच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवतात. मूळचे साताऱ्याचे, म्हणजे इथल्या भाषेत 'घाटावरचे मास्तर'. पालघरहून मनोर रस्त्याने रोज स्कूटरवर जातात. त्यांच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आहेत : शब्द, अर्थ, कोणी शिकवला. कल्टी मारणे - गुपचूप निघून जाणे. पोपट होणे - फजिती होणे. विषय हार्ड - इथे विषय अवघड नसून एकदम भारी असतो. पकवणे - कंटाळा आणणे. त्याचं उदाहरण बाबांनी स्वतःच लिहिलंय, "आज सरांनी लय पकवलं." कॉलेजात असल्यामुळे मी त्यांची ऑफिशियल डिक्शनरी!

पण या यादीची सुरुवात गमतीत झाली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आठवीत एक नवा मुलगा आला. भिवंडीकडचा, आजोळी राहायला आलेला, घरात आगरी बोली. बाबा वर्गात शिरले आणि तो शेजाऱ्याला म्हणाला, "सर आयला!" सगळा वर्ग हसला. सातारच्या माणसाला 'आयला' ही शिवीच वाटणार. बाबांनी त्याला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी त्याची आजी थेट स्टाफरूममध्ये. "मास्तर, माजा नातू काय वाईट बोलला?" बाबांनी चाचरत सांगितलं. आजी म्हणाली, "आयला म्हंजे आला. दुसरा काय?"

त्या रात्री बाबा नीट जेवले नाहीत. "एमएला भाषाविज्ञानाचा अख्खा पेपर होता माझा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर वर्गात त्या मुलाची माफी मागितली आणि वहीच्या शेवटच्या पानावर पहिला शब्द लिहिला. तिसऱ्या रकान्यात त्याचं नाव.

मला आधी हसूच आलं होतं. मग माझी तिसरी आठवली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड. एकदा बाकाच्या झाकणात बोट सापडलं आणि मी ओरडले, "आई गं!" बोट सुजलं ते सुजलंच, वर रुपयाही गेला. त्यानंतर मी वर्गात बोलणंच कमी केलं. प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'शांत मुलगी'. तो मुलगा दाराबाहेर गप्प का उभा राहिला, हे मला बाबांच्या आधी कळायला हवं होतं.

खरं तर हा धडा आमच्याच जिल्ह्यात केव्हाच शिकवून झालाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 मध्ये सुरू केलेलं काम 1957 मध्ये डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. तीच कुरणशाळा! मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं. मग भाषेचं वेगळं काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही लिहिलंय, की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. पण मुलाची मातृभाषा कोणती, हे आधी ऐकून तर घ्यायला हवं!

बाबांनी आता यादीची दोन पानं केलीत. एका पानावर फॅशनचे शब्द, दुसऱ्यावर घरचे. ते म्हणतात, "तुमचं 'विषय हार्ड' चार वर्षांत जुनं होईल. 'आयला' त्या पोराच्या पणजीपासून चालत आलाय. मी दोन्ही एकाच टोपलीत टाकत होतो." पूर्वी निबंधात 'पानी' किंवा 'डोला' दिसला की नुसता लाल गोल. गोल अजूनही असतो, कारण बोर्डाचा पेपर कुणाला सोडत नाही. पण शेजारी लिहितात, "घरी बरोबर. पेपरात 'पाणी'."

मित्रांनो, आपणही फर्स्ट इयरला गावाकडून आलेल्या एखाद्याच्या बोलण्यावर हसलोच असू. मी तर हसले होते. व्हायवाला तो का अडखळला, हे विचारलं मात्र नाही.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. बाबा वर्गात शिरले की अजूनही मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर आयला!"

बाबा हजेरी उघडतात आणि मोडक्यातोडक्या आगरीत म्हणतात, "हो, आयलो. बसा."