पर्वतीच्या उतारावरील करडे

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून गेल्यावर पुणे शहर पायाशी पसरलेले दिसते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये येथे देवालय बांधले, तेव्हा खाली शेते व आमराया होत्या. आज पहाटे फिरावयास येणाऱ्यांची दृष्टी सिंहगडाकडे जाते. टेकडीच्या उतारावर एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या पत्र्याच्या घरांकडे ती क्वचितच वळते. त्यांतील काही घरांच्या दारी दोन-चार शेळ्या बांधलेल्या असतात. वडीलधारी माणसे कामावर गेली की त्यांची राखण मुलांकडे येते. सुबाभळीचा पाला तोडणे, मंडईतून कोबीची टाकाऊ पाने आणणे, संध्याकाळी करडांना आईजवळ सोडणे, हा त्यांचा शाळेबाहेरचा अभ्यासक्रम होय.

जन्मलेले करडू जेमतेम दोन-अडीच किलो वजनाचे असते. पहिल्या तासाभरात आईचा चीक पोटात गेला, अंग कोरडे झाले आणि ऊब मिळाली, तर ते तग धरते. उस्मानाबादी जातीच्या शेळ्यांना जुळी करडे होणे नित्याचेच. त्यांतील दुबळे करडू सर्वप्रथम गारठ्याला बळी पडते. पुण्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. करडाचा घात मात्र पावसापेक्षा ओल अधिक करते. लेंड्या व मूत्र यांनी चिखललेली जमीन, त्यातून निघणारा उग्र वायू, आणि पश्चिमेकडून येणारा ओला वारा, ही तिन्ही एकत्र आली की फुप्फुसे सुजतात. सकाळी उड्या मारणारे करडू संध्याकाळी मान टाकते.

उतारावरील एका घरात मागच्या श्रावणात असेच घडले. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने वाढविलेल्या जुळ्यांपैकी एक करडू गेले. तिने त्याला स्वतःच्या पांघरुणात घेतले होते. परंतु बांधण्याची जागा ओलीच राहिली होती. माया कमी पडली नव्हती, कमी पडली होती ती एक हात उंचीची कोरडी जागा.

ती जागा करणे फारसे खर्चाचे नाही. बांबूच्या कामट्यांचा माच जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांधावा. दोन कामट्यांमधील फट बोटाएवढीच असावी. लेंड्या खाली पडाव्यात, पण करडाचा खूर अडकू नये. प्रत्येक करडास चार ते पाच चौरस फूट आणि मोठ्या शेळीस दहा-बारा चौरस फूट छपराखालील जागा लागते. मोकळे अंगण त्याच्या दुप्पट असल्यास उत्तम. पश्चिमेकडील बाजूस गोणपाटाचा पडदा सोडावा, मात्र चारही बाजू बंद करू नयेत. हवा कोंडली की ओलीइतकेच नुकसान होते. माचाखालची जागा रोज झाडून चुना भुरभुरावा. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. ती औंध येथील शासकीय संस्थेत, म्हणजे याच शहरात, तयार होते.

ऋतू पालटला की निवाराही पालटावा लागतो. पुण्याची थंडी सौम्य मानली जाते. तथापि जानेवारी १९३५ मध्ये येथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, आणि आजही काही रात्री तो दहाच्या खाली जातो. अशा वेळी माचावर वाळल्या गवताचा थर घालून करडांना डालग्याखाली एकत्र ठेवावे. ती एकमेकांच्या उबेवर रात्र काढतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा तोच पत्रा तव्यासारखा तापतो. त्यावर उसाचे पाचट पसरल्यास आणि खाली पाण्याचे भांडे ठेवल्यास दुपार सुसह्य होते.

हे शहाणपण नवे नाही. दिवाळीनंतर पुणे जिल्ह्यातून कोकणाकडे उतरणारे धनगर कोवळी कोकरे व करडे घोड्यावर लादून नेतात, मुक्कामी त्यांना जाळीच्या वाघरीत वेगळी ठेवतात, आणि मोठा पाऊस सुरू होण्यापूर्वी पूर्वेकडील कोरड्या मुलखात परततात. छप्पर नसलेल्यांनी ऋतूच चुकविण्याची ही रीत शोधून काढली. शहरातील मुलांना स्थलांतर करता येत नाही. त्यांना छप्परच हवे.

जीवदयेची परंपरा असलेल्या समाजास हा विषय परका नाही. पुण्याजवळ भोसरी येथे पांजरपोळ आहे, आणि जीव सोडविण्यासाठी हात सैल सोडणारी कुटुंबे घरोघरी आहेत. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर, जीव सोडविणे हा एकदाचा खर्च आणि निवारा हा दरवर्षीचा. पहिल्याची पावती समारंभाने फाडली जाते. दुसऱ्याची तरतूद बहुधा राहून जाते. सुटलेले करडू पुढच्या आषाढात भिजून दगावले, तर पहिली रक्कमही व्यर्थच गेली. साधु-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर होतात, ते पायाखालच्या सूक्ष्म जीवांना जपण्यासाठी. तेच चार महिने मुक्या पिलांनाही कठीण जातात, हे त्या काळात आठवावे. एखाद्या वस्तीतील मुलांना चार बांबू, दोन गोणपाटे आणि माच बांधून देणारा एक जाणता हात मिळाला, तरी ते दान थोडके नव्हे.

पर्वतीच्या उतारावरील त्या घरी यंदा मृगापूर्वीच माच उभा राहिला. कामट्या शेजारच्या बुरुडाने दिल्या, गाठी मुलीने आणि तिच्या भावाने मारल्या. पावसाच्या पहिल्या रात्री ती दोनदा उठली आणि माचावर हात फिरवून पुन्हा निजली. जागा कोरडी होती.