ट्रकवाल्याला आधी फोन कर

चि. बाळ्या,


काल रात्री फोनवर किती सहज म्हणालास, "मावशी, शनिवारी श्रेडिंगचा ट्रक येतोय. बाबांची खोली रिकामी केली की सोमवारच्या विमानाने परत." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि पहाटेपर्यंत टक्क जागी. आमचे हे म्हणाले, सकाळी बोल त्याच्याशी. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देतोस कधी? म्हणून लिहायला बसले. सगळं वाच. "मुद्द्याचं काय ते" शोधत खाली उड्या मारू नकोस.

ट्रक रद्द कर. त्याने आगाऊ पैसे घेतले असतील तर बुडू देत.

तुझ्या बाबांनी जन्मात कागद फेकला नाही. मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीचे हिशेब अजून त्या कपाटात असतील, आणि महत्त्वाचं काही सुचलं की ते बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहायचे. ऐंशीच्या दशकातली हिमवादळाची रात्र तुला आठवणार नाही, तू दुपट्यात होतास. तेव्हा आम्हा सगळ्यांचे नंबर होते ते अशाच एका पाकिटावर! त्या माणसाची खोली तू न वाचता यंत्रात घालणार? का, तर "ओरिजिनल विल सापडलं, बाकी सगळा कचरा."

सापडलं ते 2009 चं, वकिलाकडून टाइप करून घेतलेलं. त्यानंतर तुझं लग्न झालं, ताईचं मोडलं, आजी गेली, कॉन्डो घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी एक ओळ लिहिली नसेल, हे तू त्यांच्या मुलाने म्हणावंस? आपल्या मिशिगनात हाताने लिहिलेलं मृत्युपत्रसुद्धा चालतं. तारीख हवी, सही हवी आणि मुख्य मजकूर त्यांच्याच अक्षरात हवा, बस. साक्षीदार लागत नाहीत. मराठीत लिहिलेलं निघालं तर कोर्टासाठी भाषांतर करून घेऊ, ते माझ्याकडे लागलं.

त्या गायिकेचं, अरेथा फ्रँकलिनचं, विसरलास? 2018 च्या ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा सगळे म्हणत होते, बाईने मृत्युपत्रच केलं नाही. पुढच्या मे महिन्यात ब्लूमफील्ड हिल्सच्या घरात कुलूपबंद कपाटातून 2010 चं हस्तलिखित निघालं, आणि कोचाच्या गाद्यांखाली सापडली एक वही. तिच्यात 2014 चं. खोडाखोड केलेलं, वाचायला कठीण, सहीत एक हसरा चेहरा काढलेला. मुलांमुलांत भांडण लागलं. शेवटी 2023 च्या जुलैत पॉन्टियाकच्या ज्यूरीने तासाभराच्या आत सांगितलं, कोचाखालचं खरं. तेच ओकलंड कौंटीचं प्रोबेट कोर्ट, टेलिग्राफ रोडवरचं, जिथे तुला जायचं आहे. त्या कोचावर आधी कुणी ट्रक बोलावला असता तर?

मी वकिलाच्या ऑफिसात कागद लावण्यातच नोकरी काढली, तेव्हा मला "ओल्ड स्कूल" म्हणण्याआधी जरा थांब. तुमचं सगळं फोनमध्ये असतं. माणूस गेला की फोन कुलपात, आणि बँक विचारते पासवर्ड कोणाकडे आहे. कुठल्या बँकेत खातं आहे हेच ठाऊक नसलेली मुलं मी टेबलापलीकडे बसलेली पाहिली आहेत. चांगली शिकलेली, एक तर हार्ट सर्जन! घरात एक जुनं छापील स्टेटमेंट मिळालं तर सुटतात बिचारी. मी तर आता भेटेल त्याला सांगते, ई-स्टेटमेंटवर गेलात तरी वर्षातून एकदा सगळं छापून एका फाइलीत लावा. हसतात. हसू देत.

आता तुझं दुसरं वाक्य. "विल आहे, म्हणजे कोर्टाची भानगड नाही." असं तुला कोणी सांगितलं? अरे, मृत्युपत्र नुसतं ड्रॉवरमध्ये असून त्याला काही जोर नसतो. तुझं नाव त्यात पर्सनल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून आहे, पण कोर्टाने 'लेटर्स ऑफ ऑथॉरिटी' दिल्याशिवाय ब्रोकरेजवाले तुला दारात उभं करणार नाहीत. हॉस्पिटल डेट्रॉइटचं म्हणून तू वेन कौंटीत चौकशी करत बसलास. बाबा ट्रॉयला राहत होते, म्हणजे ओकलंड कौंटी, म्हणजे पॉन्टियाक. भांडण नसेल तर इन्फॉर्मल अर्ज करता येतो, तो रजिस्टरकडे जातो, जज्जसमोर उभं राहावं लागत नाही. नेमणूक झाली की चौदा दिवसांत ताईला आणि आईला रीतसर नोटीस द्यायची. हो, आईलासुद्धा, एका घरात झोपत असलास तरी. आणि 91 दिवसांत इन्व्हेंटरी. कॉन्डोची किंमत लिहिताना टॅक्सच्या बिलावरचा एसईव्ही उचलून ठेवू नकोस, तो बाजारभावाच्या निम्मा धरलेला असतो.

हॉस्पिटलचं बिल तू तुझ्या क्रेडिट कार्डावर भरलंस म्हणे. का रे? मुलगा आहेस, देणं तुझं नाही, इस्टेटीचं आहे. आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, देणेकऱ्यांना मागायला चार महिने मिळतात, ज्यांची देणी माहीत आहेत त्यांना वेगळं कळवायचं. मग कायद्याने ठरवलेल्या क्रमाने फेड. कोर्टाचा आणि इस्टेटीचा खर्च, अंत्यविधी, आईचे भत्ते, फेडरल सरकारची देणी, आणि त्यांच्याही मागे शेवटच्या आजाराचं बिल. पैसे अपुरे पडले आणि मागच्याला तू पुढे काढलंस तर ते तुझ्या अंगावर. पाच महिन्यांच्या आत फाइल बंद होत नाही. तू आणलीस एका आठवड्याची रजा! कॅलिफोर्नियातून बरंचसं करता येईल, पण सोमवारचं विमान मनातून काढ.

पेटी आणि तबला शेजारच्या मुलाला देऊन टाकलेस, हे आईकडून कळलं. पुन्हा असं करू नकोस. बाबांच्या मृत्युपत्रात तसा उल्लेख असेल तर वस्तूंची वेगळी सही केलेली यादीसुद्धा इथे चालते, आणि पेटी कोणाला जायची हे त्यांनी कुठल्या तरी पाकिटावर लिहून ठेवलं असणार असं मला राहून राहून वाटतं. वाद्यं गोडीने परत माग. नाही दिली तर मी बोलते त्याच्या आईशी.

पुण्याच्या फ्लॅटबद्दल इतकंच, की पॉन्टियाकचा शिक्का कोथरूडमध्ये आपोआप चालत नाही. तिथे वेगळा वकील, वेगळी धावपळ. काकाचं नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणून तो मालक होत नाही, आणि ही गोष्ट त्याला कळवायची घाईही करू नकोस. दिवाळीनंतर पाहू.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. परवा तुझ्या आईने भाजणी न्यायला म्हणून बोलावलं आणि दारातच हळू विचारलं, "हे घर आता कोर्टाचं का गं?" तू तिच्यासमोर फोनवर कुणाला तरी म्हणालास, "एव्हरीथिंग इज स्टक इन प्रोबेट." तिने तेवढंच ऐकलं. बाळ्या, राहतं घर प्रोबेटमध्ये येतच नाही. डीडवर दोघांची नावं नवरा-बायको म्हणून आहेत, मी वाचलंय. बाबा गेले त्या क्षणी ते तिचं एकटीचं झालं. डेथ सर्टिफिकेटची प्रमाणित प्रत रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंदवायची, एवढंच. हे तिला तू सांग. माझं तिला पटत नाही, तिला वाटतं मी समजूत घालते आहे. मराठीत सांग, लॅपटॉप मिटून सांग. आणि तिच्यापुढे सहीला कागद सरकवताना त्यात काय आहे ते वाचून दाखवत जा, ती न वाचता सही करते. रात्रीची जेवत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?

तुझी,
मावशी

ता. क. स्कॅन करायला सोपं म्हणून मूळ मृत्युपत्राची स्टेपलची पिन काढू नकोस. पान बदललं का, असा प्रश्न तिथूनच सुरू होतो. काढली असशील तर दुसरी मारू नकोस, आहे तसं पाकिटात ठेव आणि मला फोन कर.