दुखण्याला रकाना नसतो

घराच्या जमाखर्चाच्या वहीत किराणा, दूध, शाळेची फी, वीजबिल यांना आपापला रकाना असतो. दुखण्याला मात्र नसतो. पगार बेताचा असतो तेव्हा सासूबाईंची गुडघेदुखी तेल चोळून भागवली जाते. मुलाला बढती मिळाली, की त्याच गुडघ्यांचा एक्स-रे निघतो आणि पुढे शस्त्रक्रियेचीही भाषा सुरू होते. दुखणे तेच, फक्त हात थोडा सैल झालेला असतो.

देशांचेही असेच आहे. १९७७ साली जोसेफ न्यूहाऊस या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १३ देशांचे आकडे तपासले. औषधोपचारावरच्या दरडोई खर्चात देशादेशांत जी तफावत होती, तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग केवळ दरडोई उत्पन्नावरून उलगडत होता. उत्पन्न वाढले, की खर्च वाढतो.

मग खर्चाबरोबर आयुष्यही वाढते का? अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करते, जपान सुमारे ११ टक्के. तरीही जपानमधले सरासरी आयुर्मान अमेरिकेपेक्षा सुमारे पाच वर्षांनी जास्त आहे. थायलंड तर श्रीमंत देश नव्हे, पण २००२ पर्यंत त्याने आपल्या जवळजवळ प्रत्येक नागरिकाला सरकारी खर्चाने उपचार मिळतील अशी सोय केली. म्हणजे किती पैसा खर्च झाला, याइतकेच तो कोणी आणि केव्हा भरला, हेही महत्त्वाचे ठरते.

भारतात २०१३-१४ साली आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये कुटुंबांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. याच काळात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंतचे उद्दिष्ट २.५ टक्के ठरवले होते.

सुधारणा झाली, हे खरेच. पण ३९ ही सरासरी आहे आणि दुखणे सरासरीने वाटून येत नाही. दहा घरे सुखाने झोपलेली असतात आणि अकराव्या घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत मध्यरात्री कळ येते. रुग्णालयाच्या खिडकीवर आधी अनामत रक्कम मागतात. नातीच्या कॉलेजसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागते. तेवढ्याने भागत नाही, तेव्हा सासूबाई हातातल्या पाटल्या उतरवून सुनेच्या ओंजळीत ठेवतात. म्हणतात, ‘‘माझ्या गुडघ्यांचं राहू दे गं. आधी त्याला घरी आण.’’

रुग्णालयाला दिलेली ती रक्कम देशाच्या हिशेबात आरोग्यावरचा खर्च म्हणून जमा धरली जाते. पाटल्या मोडल्याची, गुडघे तसेच राहिल्याची आणि नातीने कॉलेजचा अर्ज मागे घेतल्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.