देवासची मावशी आणि बावीस टक्के

आईचं माहेर देवास. इंदूरच्या आमच्या दारापासून मावशीच्या दारापर्यंत ३८ किलोमीटर. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा आई म्हणाली, "हिच्यावर देवासला नेऊन आण, मग मानीन."

कागदावरची रेंज शंभरच्या वर, म्हणून निवांत निघालो. पहिले १२ किलोमीटर साठच्या वेगाने काढले आणि मांगलियाला पाहतो तर २२ टक्के बॅटरी गेलेली! या हिशेबाने देवासला जेमतेम तीस टक्के उरणार होते. परतीचं विसराच.

चूक माझीच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे बीईला घोकलं होतं. चाळीसवरून साठवर गेलं की तो सव्वादोन पट होतो. मग इको मोड लावला, डावी कड धरली आणि चाळीसच्या वर गेलो नाही. पुढे थांबायचं दिसलं की आधीच थ्रॉटल सोडायचो. तेव्हा मोटरच जनरेटर होते आणि थोडी वीज परत देते. शिप्रेचा पूल आला तशी आई म्हणाली, "आज नदी नीट दिसली बघ." उरलेल्या २६ किलोमीटरला ३० टक्केच लागले.

देवासला ४८ टक्के होते, परतीला ४४ हवे. समोरून वारा आला तर पंचाईत. मावशीच्या ओसरीतल्या साध्या प्लगला चार्जर लावला. दोन तास सक्तीची बैठक!

मी टेकडीवर जाऊन आलो. वर थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. देवासकर त्यांना बहिणी मानतात. पायथ्याशी कुमार गंधर्वांचं भानुकुल. परतलो तर ओसरीत आमच्या थोरली-धाकटीच्या गप्पा ऐन रंगात. कारने यायचो तेव्हा अर्ध्या तासातच मी "चल आई, ट्रॅफिक लागेल" म्हणून उठवायचो. दोघींना इतकं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

निघताना मागच्या चाकाची हवा तपासली, कमी निघाली. मऊ टायरही बॅटरी खातो. दोघांच्या वजनाला पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी भरली. परतीला ४१ टक्केच लागले.

घरी उतरताना आईला हिशेब सांगितला. ती म्हणाली, "पुढच्या वेळी जरा जोरातच चालव. तिथे चार्जिंगला बसावं लागेल."